हवेची धोका-पातळी : प्रस्तावना

श्रावण-भाद्रपदात वैनगंगा दुथडी भरून वाहू लागली, की भंडारा शहराच्या पैलतीरी कारधा येथे मोजली जाणारी पाण्याची पातळी हा जिल्ह्यातील आबालवृद्धांच्या बोलण्याचा विषय होतो. तेथील धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे, ही गोष्ट नदीकाठच्या ढिवरांपासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत सर्वांना मुखोद्गत असते. आणि वरच्या अंगाला शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून किती पाणी सोडले, खालच्या अंगाला गोसीखुर्दचे किती दरवाजे उघडले, याचा हिशेब त्या एका अंकाशी ताडून पाहण्याची सवय येथील लोकांना जडलेली आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुराने ती अधिकच दृढ केली. एका अंकाने लोकजीवनात असे स्थान मिळवावे, त्या अंकासरशी धान्याची पोती माळ्यावर चढावीत, गुरे दाव्यातून मोकळी व्हावीत, तहसील कचेरीतून हुकूम निघावा आणि कोतवालाने दवंडी पिटून तो वस्तीवस्तीत पोचवावा, ही सामान्य गोष्ट म्हणता येणार नाही. मोजणारा, सांगणारा आणि ऐकून कृती करणारा अशी तिहेरी साखळी तेथे सिद्ध झालेली आहे, व ती सिद्ध होण्यास अनेक पिढ्यांचे अनुभव आणि प्रशासनाची दीर्घ शिस्त कारणीभूत आहे.

जे पाण्याच्या बाबतीत साधले ते हवेच्या बाबतीत अद्याप साधलेले नाही, आणि ते साधण्यासाठी काय करावे लागेल याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत केलेला आहे. शहरातील हवेच्या प्रदूषणाची मोजणी व तिची जाहीर वार्ता या विषयावर मुंबई-पुण्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु सात तालुक्यांच्या, धानाच्या, तलावांच्या आणि जंगलाच्या या जिल्ह्याला ते लेखन जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. महानगरासाठी घडवलेली मोजणी येथे आणून ठेवली तर ती कोणता धूर पाहील व कोणता तिच्या नजरेतून निसटेल, हा प्रश्न या जिल्ह्याने स्वतःच विचारला पाहिजे. जी मोजणी श्वास घेणाऱ्या माणसापर्यंत त्याच्या भाषेत आणि वेळेवर पोचत नाही ती दप्तरातील नोंद होय, सार्वजनिक कार्य नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम मोजणीविषयी. तिची मूळ पद्धत मोठी प्रामाणिक आणि कष्टाची आहे. काचतंतूंचा एक स्वच्छ कागद आर्द्रता काढलेल्या पेटीत ठेवून अत्यंत सूक्ष्म तराजूवर तोलतात, मग यंत्रात बसवून त्यातून पंपाने ठरावीक वेगाने हवा ओढतात. काही तासांनी करडा वा काळा झालेला तो कागद पुन्हा तोलतात, आणि वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेच्या घनफळाने भागले म्हणजे एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ होती हे समजते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण वेगळे गाळून घेतले जातात, कारण मानवी केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे हे कण नाक व घसा यांच्या पहाऱ्यातून सुटून फुप्फुसाच्या अगदी तळाशी, आणि तेथून रक्तात शिरतात. गंधक व नत्र यांचे वायू रासायनिक द्रावणात शोषून त्यांचा रंग पाहिला जातो. राष्ट्रीय कार्यक्रमात ही मोजणी आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षातून १०४ वेळा व्हावी अशी अपेक्षा आहे. अलीकडे कागदी फितीवर साचलेल्या धुळीतून बीटा किरण किती क्षीण होऊन बाहेर पडतात यावरून तासातासाला आकडा देणारी स्वयंचलित केंद्रे आली. त्यांची किंमत मोठी आणि देखभाल काटेकोर, म्हणून ती प्रथम मोठ्या शहरांच्या वाट्याला गेली.

या शास्त्राचे एक प्रमुख पीठ भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपुरात आहे, ही गोष्ट जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगी आहे. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था म्हणून जी स्थापन झाली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने जी ओळखली जाते, त्या संस्थेने १९७८ पासून देशातील दहा शहरांच्या हवेची नियमित नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. त्या दहांत नागपूर होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा देशव्यापी कार्यक्रम त्यानंतर, १९८४ च्या सुमारास, सुरू झाला. विदर्भाच्या भूमीवर हे ज्ञान इतकी वर्षे नांदत असता शेजारच्या जिल्ह्यातील सामान्य माणसाला आपल्या हवेचा एक अंकही सांगता येऊ नये, याची खंत वाटते.

एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक जाहीर रीतीने प्रचारात आला. त्यामागील हेतू स्तुत्य होता : आठ प्रदूषकांचे किचकट आकडे सामान्य नागरिकाला वाचावे लागू नयेत, त्याला शून्य ते पाचशे यांमधील एक अंक, एक रंग आणि एक शब्द मिळावा. चांगली, समाधानकारक, मध्यम, वाईट, अतिशय वाईट आणि गंभीर अशा सहा पायऱ्या ठरल्या. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढून त्यांत जो सर्वांत वाईट तोच त्या ठिकाणचा निर्देशांक मानला जातो. सरासरी काढून वाईटाला चांगल्यात बुडवण्याची मुभा येथे ठेवलेली नाही, आणि ही या रचनेची मोठी सचोटी आहे. तथापि वाचकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी, की आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, व त्या मर्यादेपर्यंतच्या हवेला निर्देशांक ‘समाधानकारक’ म्हणतो; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा मात्र १५ आहे. दुसरी अशी, की धुळीचा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर उभा असतो. सायंकाळी दिवेलागणीला दोन तास गल्लीत दाटलेला धूर, ज्यामुळे एखाद्या दमेकऱ्याला रात्र बसून काढावी लागते, तो त्या सरासरीत विरून जातो आणि दुसऱ्या दिवशीचा फलक समाधान व्यक्त करतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथील हवेचे वर्ष पंचांगासारखे ऋतूंनी विभागलेले आहे, आणि ते समजून घेतल्यावाचून येथे यंत्र कोठे व केव्हा बसवावे याचा निर्णय होऊ शकत नाही. आषाढापासून आश्विनापर्यंत पाऊस हवा धुऊन काढतो. त्या काळात केलेली मोजणी दाखवून कोणी निश्चिंततेचा दाखला देऊ लागला तर तो स्वीकारू नये. दिवाळीच्या आगेमागे हलका धान निघतो, मग भारी. मळणी होते, आणि पूर्वी जी तणस गुरांसाठी जपून रचली जात असे तिचा काही भाग, जेथे हार्वेस्टर फिरला व गोठ्यातील गुरे कमी झाली तेथे, बांधीतच पेटवला जातो. त्याच सुमारास भातगिरण्यांचा हंगाम भरास येतो. तुमसर ही धानाची जुनी आणि नामांकित बाजारपेठ, आणि जिल्ह्याच्या अर्थव्यवहारात गिरण्यांचे स्थान फार मोठे. परंतु उसना तांदूळ करण्यासाठी बाष्पक पेटतो तो धानाच्या तुसावर, आणि त्या तुसाची राख इतकी हलकी असते की उघड्यावर टाकली असता वाऱ्याच्या पहिल्या झुळकेबरोबर ती शेजारच्या अंगणात, वाळवणावर आणि विहिरीत जाऊन पडते.

पौष-माघातील रात्री यात निसर्ग आपली भर घालतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते आणि तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होऊन बसते. उबदार हवेचा तो वरचा थर पातेल्यावरील झाकणासारखा राहतो आणि चुली, शेकोट्या, वीटभट्ट्या, कचऱ्याचे ढीग व महामार्गावरील अवजड वाहने यांचा धूर पहाटेपर्यंत खालीच कोंडला जातो. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली या गावांना चिकटून जातो हे येथे विसरता येत नाही. नदी आणि माजी मालगुजारी (मामा) तलाव यांच्या काठी उतरणारे धुके त्यात मिसळले म्हणजे ते पाहणारा माणूस त्याला थंडीचे सौंदर्य समजतो, आणि पहाटे फिरायला निघालेला वृद्ध नेमकी दिवसातील सर्वांत वाईट हवा छातीत भरून घेतो.

फाल्गुन-चैत्रात धुराची दिशा बदलते. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची वहिवाट जुनी आहे. तेंदूच्या झुडपाला नवी पालवी चांगली फुटावी हाही हेतू आगीमागे असतो. आणि कोका, नागझिरा यांच्या परिसरातील रान अशा आगींनी कित्येक दिवस धुमसते. ज्या कुटुंबाची वर्षाची मीठमिरची मोहफुलांवर आणि तेंदूपानांच्या पुड्यांवर चालते त्याला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. झाडाखाली जाळी वा कापड अंथरून फुले गोळा करण्याची सोय करून द्यावी लागेल. वैशाखात उन्हाळी धानाची कापणी, रेतीघाटांकडून येणारे टिप्पर व ट्रॅक्टर, त्यांनी उखडलेले रस्ते आणि त्या रस्त्यांवरील धूळ. जिल्ह्याच्या दोन्ही अंगांना मोठी औष्णिक वीजकेंद्रे आहेत : पश्चिमेस मौदा येथे २,३२० मेगावॅटचे, पूर्वेस तिरोडा येथे ३,३०० मेगावॅटचे. वरठीला पोलादाचा कारखाना आहे. मोठ्या कारखान्यांच्या चिमण्यांवर स्वयंचलित मापके बसवून त्यांचे आकडे थेट मंडळाकडे पाठवण्याची सक्ती शासनाने केलेली आहे. असंख्य लहान धुरांना मात्र ना मापक, ना नोंद.

यापुढे मी एका द्रव्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते या जिल्ह्याचे स्वतःचे आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. १८९६ साली मध्य प्रांतात या धातुकाच्या शोधासाठी जी कंपनी निघाली तिच्याच परंपरेतून १९६२ मध्ये आजची ‘मॉइल’ उभी राहिली. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण सुक्या विद्युतघटांना लागणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडसाठी प्रसिद्ध आहे. या खनिजाने हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेली तर मज्जासंस्थेला अपाय होतो, हे वैद्यकाला १८३७ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी कूपर या डॉक्टराने ग्लासगो येथील हे खनिज दळणाऱ्या कामगारांच्या पायांतील दुर्बलता आणि अडखळती चाल यांचे वर्णन प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या मार्गदर्शिकेत हवेतील मँगनीजची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ०.१५ मायक्रोग्रॅम दिली आहे. आपल्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषकांचा समावेश आहे; शिसे आहे, आर्सेनिक आहे, निकेल आहे, मँगनीज नाही. अर्थात निर्देशांकातही ते नाही. तुमसर-तिरोडी लोहमार्गावरील एखाद्या गावात उद्या सर्वोत्तम यंत्र बसवले आणि त्याने दररोज हिरवा रंग दाखवला, तरी त्या गावाला ज्या द्रव्याविषयी जाणण्याचा सर्वाधिक अधिकार आहे त्याबद्दल तो रंग मूक राहील. तेथील हवा दूषित आहे असा आरोप मी येथे करीत नाही. जे दिल्लीच्या यादीत नाही ते तुमसरमध्ये मोजले गेले पाहिजे, गाळणीच्या कागदावरील धूळ केवळ तोलून न थांबता तिचे रासायनिक पृथक्करण झाले पाहिजे, आणि त्याचा निष्कर्ष, तो चांगला असो वा वाईट, गावकऱ्यांसमोर मांडला गेला पाहिजे, एवढीच मागणी आहे.

धुराविरुद्ध कायदा आपल्याकडे नवा नाही. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा १९१२ मध्येच झाला होता. त्याचे लक्ष गिरण्यांच्या चिमण्यांवर होते आणि धूर किती काळा हे डोळ्यांनी पाहून ठरवले जाई. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धूरमिश्रित धुके बसले, तेव्हा लोकांनी ते नेहमीचे धुके समजून सहन केले. मृत्यूंच्या नोंदी जमा झाल्यावर सुमारे चार हजार माणसे अधिक मेल्याचे दिसले, आणि पुढील संशोधकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ चा तेथील स्वच्छ हवेचा कायदा या मोजदादीतून जन्मला. १९८४ मध्ये भोपाळला त्याहून दारुण प्रसंग ओढवला. कोणता वायू शरीरात गेला आहे आणि त्यावर उपचार कोणता, हे त्या रात्री रुग्णालयातील डॉक्टरांनादेखील कोणी धडपणे सांगितले नाही. माहिती दिल्याने लोक घाबरतील असे जे अधिकारी अद्याप मानतात त्यांनी या दोन प्रसंगांचे मनन करावे. माणसे अज्ञानाने मेली. माहितीने मेल्याचा दाखला मला आढळलेला नाही.

आपला हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ चा. त्याने मंडळांवर केवळ नियंत्रणाचे नव्हे, तर माहिती गोळा करून प्रसिद्ध करण्याचे आणि लोकशिक्षणाचेही कर्तव्य सोपवले आहे. १९८७ च्या दुरुस्तीनंतर कोणत्याही नागरिकाला साठ दिवसांची पूर्वसूचना देऊन न्यायालयात फिर्याद दाखल करता येते, आणि तशी फिर्याद करणाऱ्याने मागितले असता सार्वजनिक हिताचा अपवाद वगळून संबंधित अहवाल त्याला देणे मंडळाला भाग आहे. जून २०१७ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना त्यांच्या चिमणीतील धुळीवरून एक ते पाच तारे देण्याची योजना आरंभली व ते तारे जाहीर केले, हा या राज्याने घातलेला चांगला पायंडा होय. उलट जानेवारी २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची गोष्ट पाहावी. त्याच्या पहिल्या यादीत देशातील १०२ शहरे होती, त्यांपैकी महाराष्ट्रातील १७. विदर्भातून नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला. ही यादी मागील वर्षांच्या मोजणीवरून झाली. ज्या गावी मोजणीच नाही त्याचा दोष कोणत्याही यादीत चढत नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून निधीही नाही. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांच्या वाट्याला आलेली ही उपेक्षा द्वेषातून आलेली नसली तरी तिचे परिणाम खरे आहेत.

मग करावे काय? पुस्तिकेच्या उत्तरार्धात याचा तपशील आहे. येथे मला विशेष महत्त्वाचे वाटते ते सांगतो. आज प्रकाशाच्या विकिरणावर चालणारी लहान व स्वस्त मापके मिळतात. शाळेत, ग्रामपंचायतीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती बसवता येतील. मात्र दमट हवेत पाण्याचे थेंबही त्यांना धूळ वाटतात, आणि आपला जिल्हा तलावांचा व धुक्याचा. म्हणून प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून त्यांची खातरजमा केल्याखेरीज त्यांच्या आकड्यावरून कोणावर ठपका ठेवू नये. कोणता तास वाईट, कोणता महिना वाईट, कोणती गल्ली वाईट, एवढे तुलनेने सांगण्यास ती पुरेशी आहेत, आणि आरंभी तेवढेच हवे आहे.

सांगण्याच्या बाबतीत कारध्याच्या पातळीचा कित्ता गिरवावा. अंकाबरोबर ठिकाण सांगावे, वेळ सांगावी, आणि कोणी काय करावे हे सांगावे. निर्देशांक २०० च्या वर गेला असता शाळेची कवायत सकाळी सातऐवजी ऊन वर आल्यावर व्हावी, दमेकऱ्यांनी पहाटेचे फिरणे टाळावे, आशा सेविकेने धाप लागणाऱ्या वृद्धांच्या घरी एक फेरी घालावी, गिरणीने राख भिजवून झाकावी, रेतीच्या वाहनावर ताडपत्री असावी, नगरपरिषदेने कचऱ्याची आग त्याच दिवशी विझवावी. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्येच दिला आहे. हे शब्द आठवडी बाजारात, बसस्थानकावर, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, झाडीबोलीच्या वळणाने ऐकू आले पाहिजेत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील रंगीत वर्तुळ ज्यांच्यापर्यंत पोचते त्यांच्याकडे बहुधा पंखा, दार आणि डॉक्टर तिन्ही असतात. ज्यांना ते सांगणे खरोखर आवश्यक आहे ती माणसे बांधीत, भट्टीवर आणि रेतीघाटावर असतात.

आणि ती घरातही असतात. चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या श्वासात जाणारा धूर शहरातील कोणत्याही चौकापेक्षा दाट असू शकतो, हे संशोधक कर्क स्मिथ यांनी चार दशकांपूर्वी गुजरातच्या खेड्यांत स्त्रियांच्या अंगावर यंत्रे बांधून मोजून दाखवले. गॅसची टाकी आल्यावरही सरपण संपलेले नाही, कारण टाकी पुन्हा भरण्यास पैसे लागतात. म्हणून हवेची चर्चा चौकात सुरू झाली तरी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबवू नये, असा आग्रह या पुस्तिकेने धरला आहे, आणि मी त्याच्याशी पूर्णतः सहमत आहे.

ही पुस्तिका शिक्षक, सरपंच, आरोग्यसेवक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासाठी लिहिली आहे. त्यांना माझी विनंती एवढीच, की तिचे वाचन संपवून ती कपाटात ठेवू नये. येत्या मार्गशीर्षात धुराचा हंगाम भरास येण्यापूर्वी आपल्या गावी हवेची मोजणी व्हावी असा ठराव ग्रामसभेत वा नगरपरिषदेत मांडावा, त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या भंडारा येथील कार्यालयाला रीतसर पोच घेऊन द्यावी, तुमसर तालुक्यातील वाचकांनी त्यात मँगनीजचा उल्लेख नावाने करावा, आणि उत्तर आल्यावर ते गावाच्या फलकावर लावावे.